दाराची आतली बाजू

११ नोव्हेंबर, मंगळवार

आत काय ठेवणार, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही!

मालकांनी सरळ विचारलं होतं. आमच्या कारखान्यात पत्र्याचं कुठलंही काम होतं — विजेच्या पॅनेलच्या पेट्या, धुराडी, दुकानांची काउंटरं, दवाखान्याची कपाटं. माप आणा, वस्तू घेऊन जा. पण आत काय ठेवणार ते कळलं म्हणजे पत्रा किती जाड घ्यायचा ते ठरतं. गृहस्थ साठी उलटलेले. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. म्हणाले, "घरचंच आहे." बस्स.

चित्र त्यांनी स्वतः पेन्सिलीनं काढून आणलं होतं. रेघा सरळ, आकडे स्वच्छ. तीन फूट रुंद, तीन फूट खोल, साडेपाच फूट उंच असा खोका. आत बसायला बाक. दाराला वरच्या अंगाला हवेची भोकं. दारावर एक खुंटी, पेला राहील एवढी फळी आणि एक जाड कडी.

ते गेल्यावर चित्र हातोहात फिरलं. लंबू — पत्रा वाकवायच्या मशीनवरचा आमचा पोरगेला बाप्या, दोन मुलांचा बाप असून अक्कल तेवढीच — म्हणाला, "सासूसाठी असणार! पाण्याचा पेला बाहेर, सासू आत!" सगळे हसले. मीही हसलो.

गृहस्थांना न्यायला एक जण गेटवर उभा होता. चाळिशीचा. "चला बाबा," म्हणाला आणि त्यांचा दंड धरून घेऊन गेला. धरणं हळुवार होतं. पण सोडलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पत्रा कापून झाला. कडांची कानस माझ्याकडे. जोडणी आणि शेवटचा हातही माझाच.

हात चालतो तेव्हा मन मोकळं असतं. आज मन त्या कडीपाशीच घुटमळत होतं. एवढी जाड कडी बाहेरून कशाला? कुत्र्याला बाक लागत नाही. सामानाला हवा लागत नाही.

मशीन सुरू करण्याआधी मी हात जोडतो म्हणून हे लोक मला 'महाराज' म्हणतात. आज दोनदा जोडले. लंबूनं विचारलं, "महाराज, आज डबल डोस?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गृहस्थांचा फोन आला. ड्रॉइंगवाल्या ताईंनी घेतला. (चित्र संगणकावर चढवून मशीनला देण्याचं काम यांचं. चूक सहसा होत नाही.) निरोप एवढाच — आतल्या सगळ्या कडा मुडपून हव्यात. आत हात फिरवला तर कुठे अडकता कामा नये, कापता कामा नये.

ताई म्हणाल्या, "बाहेरच्या कडांचं काय?"

"बाहेरच्या कशाही चालतील."

फोन ठेवून त्यांनी चित्र पुन्हा उघडून बघितलं. मग म्हणाल्या, "काका, पहिल्यांदाच ऐकलं हो असं. लोक दिसतं तेवढंच गुळगुळीत मागतात."

आत हात फिरवणार कोण?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईच्या खाटेचे दोन स्क्रू निघालेले. उशीखाली सापडले — ओळीत, डोकी एका बाजूला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अंगावर काटा आला आज. लिहूनच ठेवतो.

सकाळी नेहमीप्रमाणे आईच्या खोलीपाशी गेलो. ती खाटेवर बसलेली. मी नेहमीचंच बोललो — "आई, येतो मी. बाहेर पडायचं नाही. रस्ता वाईट आहे." आणि दार ओढून बाहेरून कडी घातली. आमची ही शिवणकामाच्या कारखान्यातून दुपारी येते, मग काढते. रात्री पुन्हा घालतो. दोन महिने झाले. त्याआधी घराला नुसतं कुलूप लावत होतो, तर आईनं एकदा गॅसची बटणं फिरवून ठेवली. आणि त्याच्याआधी एका पहाटे ती मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडली, अनवाणी. दूधगाडीवाल्यानं आणून सोडली. कुठे निघाली होती? शाळा सुटली असेल, बाळाला आणायला!

बाळ म्हणजे मी. पण मला ती ओळखत नाही. मला 'मास्तर' म्हणते, अहो-जाहो करते. गावच्या शाळेतला कुणी मास्तर तिला माझ्यात दिसत असावा.

तर आज कडी घालून वळलो आणि आतून आवाज आला —

"मास्तर, कडा मुडपल्या का हो? हाताला लागतात."

त्या कामाबद्दल मी घरी अवाक्षर काढलेलं नाही. हिलाही विचारलं. "मला कुठे काय सांगता तुम्ही? कारखान्यातून येता ते तोंडाला कुलूप लावूनच!" म्हणाली.

बापाचा धंदा पत्र्याच्याच पेट्या-बादल्यांचा. आई समोर बसून रिव्हेट धरायची, स्क्रू पिळायची. हाताची पक्की. तिच्या डोक्यातून सगळं गेलं, तेवढं राहिलं असेल. दुसरं काय!

असंच असेल. देवा, असंच असू दे.

१६ नोव्हेंबर, रविवार

धाकट्या बहिणीचा फोन.

"आईला कोंडून ठेवता म्हणे!"

"कोंडून नाही. जपून."

"कडी बाहेरून लावता ना? मग जपणं कसलं ते, दादा?"

"तू घेऊन जा मग. चार दिवस तरी."

मग तिच्याकडे जागा कमी, तिच्या सासऱ्यांचं पथ्य, मुलांच्या परीक्षा. सगळं खरंच आहे. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "लांबून उपदेश सोपा. परसाकडचं करायला मी आहे इथे."

आईला फोन दिला. आई बहिणीला म्हणाली, "मास्तर बरे आहेत. फक्त ऐकत नाहीत."

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजचं नीट लिहायला हवं.

खोका उभा केला. बाक बसवला, दार लटकवलं. रंगाला पाठवण्याआधी आतल्या कडा तपासायच्या होत्या, म्हणून आत जाऊन बसलो. दार पुढे ओढून घेतलं, बिजागरी घासते का बघायला.

बाहेरून कडी पडली! लंबूचं हसणं ऐकू आलं — "सासूबाई, आरामात!"

मीही आतून ओरडलो, "उघड रे गाढवा!" तेवढ्यात मालकांची हाक आली, त्याच्या मशीनवर काहीतरी अडकलं होतं. पावलं लांब गेली. मग मोठी मशीन सुरू झाली आणि तिच्यापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. ग्राइंडरनं उजवा कान तसाही गेलेलाच.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. कुणीतरी येणारच होतं. वरून हवा येत होती, बारीक बारीक उजेड येत होता. तरी काय झालं कुणास ठाऊक. मी थोपटलं. मग थोपटायचं थांबलो. आणि मग लक्षात आलं, माझा हात आपोआप दारावर फिरतो आहे. कडेकडेनं. वरून खाली, पुन्हा वर. कडी जिथे असावी तिथे येऊन थांबतो, चाचपतो, पुन्हा निघतो. मी त्याला सांगितलं नव्हतं.

हात थांबवायला म्हणून खिशातून चित्र काढलं. भोकांच्या उजेडात धरलं. आणि मला दिसलं.

खुंटी. इथे बसलेल्या माणसाचा सदरा अडकेल अशा उंचीवर. फळी. इथे बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशी. बाहेर उभ्या माणसाला ती गुडघ्याशी येते — पेला ठेवायला कुणी गुडघ्याशी वाकतं का? आम्ही सगळे हसलो, आणि एकालाही हे सुचलं नाही. चित्र बाहेरून काढलेलंच नव्हतं. आत बसून समोर जे दार दिसेल, त्याचं होतं. खुंटी आत. फळी आत.

कडी आत.

लंबूनं उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "महाराज, विसरलो हो! आईशप्पथ विसरलो!" कोंडणारे विसरतातच, एवढं मनात आलं.

घरी आलो तो तडक आईच्या खोलीत. दार आतून लावून घेतलं, नुसतं लोटून, आणि बघितलं. दोन महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं.

रंग गेलेला. कडेकडेनं, वितीएवढ्या पट्ट्यात, लाकूड उघडं पडून तुळतुळीत झालेलं. बाहेर जिथे कडी आहे त्याच्या नेमक्या मागे तर काचेसारखं. एका ठिकाणी ढलपी निघालेली, तिच्या टोकाला तपकिरी डाग. आईची बोटं बघितली. कापलेली.

पॉलिश कशानं झालं ते मला बघून कळतं. आयुष्य त्यात गेलं. पॉलिश पेपरचं वेगळं, चाकाचं वेगळं. हे तळहाताचं होतं.

"मास्तर," आई म्हणाली, "आता कमी लागतं. मीच घासून घेतलं."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ताईंना सांगितलं. त्या आधी मानेनातच — "मी विचारलं होतं काका, हे समोरून ना? हो म्हणाले ते, समोरून!" तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून गृहस्थ शांतपणे म्हणाले, "समोरूनच. मी बसलेला असेन तिथून. दुसरं समोर कुठलं?"

दार अख्खं भंगारात. मोड उलटे, भोकं उलटी, बिजागरीची बाजू चुकलेली. मालक म्हणाले, "खोक्याच्या आत बसून चित्र काढतं का कुणी!" मग स्वतःच म्हणाले, "काढ बाबा नवीन. आरशातलं काढ."

लंबू दिवसभर एक विनोद करेल तर शपथ.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हिला आईच्या खोलीचं दार आतून दाखवलं, म्हटलं, कडी आतून बसवतो. बराच वेळ तिनं त्यावर हात फिरवला. मग म्हणाली, "आणि आतून कडी लावून घेतली आणि पडल्या त्या, तर?"

मी सांगितलं, बाहेरून पातळ पट्टी घालून सरकवता येईल अशी फट ठेवतो.

"दिवसा कोण?"

"तूच सांग."

"आठवडाभर रजा घेते. पुढचं पुढे." आणि जाता जाता — "पुढच्या दाराची किल्ली तेवढी वर टांगा. तुमच्या त्या वरच्या खिळ्याला. माझी हौस नाही पुन्हा दूधगाडीवाल्याचे पाय धरायची."

तीच कडी बाहेरून काढून आतून बसवली. चार स्क्रू. आई बाजूला बसून बघत होती. तिसरा स्क्रू किंचित तिरका जायला लागला तर म्हणाली, "मास्तर, सोडा. परत घ्या." परत घेतला. शेवटचा तिनंच पिळला. काय सरळ गेला! बापानं बघायला हवा होता.

रात्री झोपताना तिनं कडी लावली. मग काढली. मग लावली. आम्ही दोघं बाहेर उभं राहून तो आवाज ऐकत होतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आई रात्रभर शांत झोपली. मीही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रंग लागला. आतबाहेर दुधी. पावडरचा रंग, भट्टीत भाजून पक्का केलेला. नखानं जायचा नाही. दार गार झाल्यावर आतल्या बाजूवरून डोळे मिटून हात फिरवला. कुठेही अडकला नाही. असं काम वर्षातून एखादं होतं.

तरी त्या खोक्यापाशी एकटं थांबवत नाही. दुपारी सगळे जेवायला गेले होते. मला वाटलं, आतून कुणीतरी हात फिरवतं आहे. दार उघडून बघितलं. अर्थातच कुणी नव्हतं. बाक, खुंटी, फळी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गृहस्थ आले. मुलगाही आला, गेटवरच थांबला.

खोक्याकडे त्यांनी बघितलं, न बोलता आत गेले, बसले, दार ओढलं. कडी सरकली. माझ्याच हातची, म्हणून आवाज ओळखीचा.

आम्ही उभे. मी, ताई, मालक, लंबू. आतून काही नाही. मालकांनी घसा खाकरला. लंबू माझ्या कानाशी, "महाराज, गेले की काय?" मी त्याला कोपर मारलं.

मुलगा गेटवरून आला. "बाबा?" पत्र्यावर थाप. "बाबा, उघडा ना. बाबा!"

"आहे," आतून आवाज आला. "थांब जरा."

थांब जरा! त्या दोन शब्दांत किती सुख होतं ते कसं लिहू.

मुलगा आमच्याकडे वळला. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी बोलायला लागला. "आम्ही काही वाईट वागवत नाही हो त्यांना. चांगली खोली दिली आहे. पण गॅस उघडा ठेवतात. रस्त्यावर जातात. मग कडी नाही लावायची तर काय करायचं, तुम्हीच सांगा." शब्द न् शब्द माझा होता. मी बोललो असतो तर आणखी काय वेगळं बोललो असतो?

बऱ्याच वेळानं गृहस्थ बाहेर आले. गळ्याचं बटण काढलेलं. माझा हात दोन्ही हातांत धरला. तळहात पाहिले मी त्यांचे — गुळगुळीत, आईसारखे.

"घरातली सगळी दारं बाहेरून लागतात," म्हणाले. "मला एक आतून हवं होतं."

मग थोडं वाकून, माझ्या बऱ्या कानाशी, मुलाला ऐकू जाणार नाही असं — त्यांना कुणी सांगितलं तो माझा बरा कान ते? —

"एक लक्षात ठेवा. कडी लावायचं शिकलेला हात रिकामा राहत नाही."

"चला बाबा," मुलगा म्हणाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

चांगला दिवस. आई उन्हात बसली. हिनं तिचे केस विंचरले. पाच दिवसांत एकदाही बाहेरची ओढ नाही, रस्त्याचं नाव नाही. बहिणीला फोन करून सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "दादा, चुकले मी." मी म्हटलं, तू नाही.

संध्याकाळी देवापुढे बसलो, मागायला काही आठवेना. नुसतं बसणं झालं. बरं वाटलं.

माझा छोटा स्क्रूड्रायव्हर पिशवीत नाही. कारखान्यात राहिला असेल.

झोपायला जाताना आई आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी होती. दाराच्या कडेवरून हात फिरवत होती, बाहेरच्या बाजूनं. "मास्तर, हे दार कुठे उघडतं? आत की बाहेर?"

"आत उघडतं, आई."

"हां," म्हणाली. समाधान झाल्यासारखी. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. काहीतरी आठवत आल्यासारखी.

२४ नोव्हेंबर, सोमवार. पहाट

आमचं दार उघडत नाही.

बाहेरून कडी आहे. तीच. खेचलं की वाजते, आवाज ओळखतो मी. दोघांनी मिळून ओढून झालं, चारही स्क्रू सरळ गेलेले असणार — तसूभर हलत नाही. ती बसवताना आम्हाला दोघांनाही काही ऐकू आलं नाही. फोन बाहेरच्या खोलीत. खिडकीला गज, मीच बसवलेले.

जाग आली ती स्टूल सरकल्यानं. मग खिळ्यावरची किल्ली. मग दाराशी तिचा आवाज —

"बाळा, येते मी. बाहेर पडायचं नाही. रस्ता वाईट आहे."

बाळा म्हणाली.

ही गजांतून शेजाऱ्यांना हाका मारते आहे. अजून कुणाकडे दिवा लागलेला नाही. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात. हाताला काम म्हणून वही घेतली. डाव्या हातानं दार चाचपतो आहे, कडेकडेनं.

आतली बाजू अजून खडबडीत आहे.